तेरा दिवसांची रजा

कलकत्त्याच्या डॉ. कादंबिनी गांगुली यांनी १८८६ ते १९२३ या काळात संसार, आठ मुले आणि शस्त्रक्रियेची हत्यारे एकाच वेळी सांभाळली. त्यासाठी त्यांच्याकडून वसूल केल्या गेलेल्या किमतीची ही कहाणी.

– विशेष प्रतिनिधी

१८८८ साली फ्लॉरेन्स नायटिंगेल यांनी एका परिचिताला पत्र लिहून कलकत्त्यातील एका तरुण डॉक्टरची चौकशी केली. श्रीमती गांगुली नावाच्या या बाईंची लेडी डफरिन यांच्या रुग्णालयात नेमणूक व्हावी, अशी त्यांच्याकडे शिफारस आली होती. पत्रात नायटिंगेल यांनी एका गोष्टीचे विशेष कौतुक केले. डॉक्टर होण्याचा निश्चय केल्यानंतर या बाईंचे लग्न झाले, एक-दोन मुलेही झाली. पण बाळंतपणासाठी त्या महाविद्यालयात फक्त तेरा दिवस गैरहजर होत्या आणि त्यांचे एकही व्याख्यान चुकले नाही, असे त्यांच्या कानावर आले होते.

गेली सव्वाशेहून अधिक वर्षे कादंबिनी गांगुली यांच्या प्रत्येक चरित्रात हे तेरा दिवस अभिमानाने सांगितले जातात. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्याच वर्गात त्याच वर्षांत बाप झालेल्या विद्यार्थ्यांची हजेरी कोणी मोजली नव्हती, हेही ध्यानात घ्यायला हवे. भारतात आज कायद्याने सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ती बारा आठवड्यांवरून वाढवण्यात आली. तरीही शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसणाऱ्या मुलीला लग्नाचे काय ठरले, हा प्रश्न अजून विचारला जातो. त्या प्रश्नाचा उगम शोधायचा, तर कलकत्त्याच्या कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील तेरा नंबरच्या घरापर्यंत जावे लागते.

मराठी वाचकाला पहिली स्त्री डॉक्टर म्हटले की आनंदीबाई जोशीच आठवतात आणि ते स्वाभाविक आहे. आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. ही पदवी घेतली. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनींना वैद्यकीची पदवी मिळाली. आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. रुग्ण तपासण्याची संधी त्यांना लाभलीच नाही. कादंबिनींना मात्र सदतीस वर्षे लाभली. पहिले कोण, हा वाद म्हणूनच फारसा फलदायी नाही. एकीच्या वाट्याला हौतात्म्य आले आणि दुसरीच्या वाट्याला रोजची नोकरी आली, इतकाच त्यातला फरक. हौतात्म्यावर कादंबऱ्या लिहिल्या जातात, चित्रपट निघतात. रोजच्या नोकरीला ते भाग्य उशिरा मिळते. बंगालमध्ये २०२० साली दोन दूरचित्रवाहिन्यांनी कादंबिनींवर मालिका सुरू केल्या, तेव्हा त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे होत आली होती.

कादंबिनींचा जन्म १८६१ चा. बिहारमधील भागलपूर येथे वडील ब्रजकिशोर बसू शाळेचे मुख्याध्यापक होते. घराणे मूळचे बारिसाल जिल्ह्यातील चांदसी गावचे. म्हणजे आजच्या बांगलादेशातले. वडील ब्राह्मो समाजाचे. त्यांनी अभयचरण मल्लिक यांच्यासह १८६३ मध्ये भागलपूरला स्त्रियांची संघटना स्थापन केली होती. अशा घरात मुलीला शिकवणे हे धाडस मानले जात नसे. पुढे कलकत्त्यात ॲनेट ॲक्रॉइड या इंग्रज बाईंनी काढलेल्या हिंदू महिला विद्यालयात आणि नंतर बंग महिला विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. हे विद्यालय १८७८ मध्ये बेथून शाळेत विलीन झाले. त्याच वर्षी कादंबिनी कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या. बेथून शाळेला महाविद्यालयाचे वर्ग जोडले गेले, त्यात या एका विद्यार्थिनीच्या यशाचा वाटा मोठा होता. १८८३ मध्ये त्या आणि चंद्रमुखी बसू अशा दोघी बी.ए.ची पदवी घेऊन बाहेर पडल्या. संपूर्ण ब्रिटिश साम्राज्यातील पहिल्या महिला पदवीधरांत या दोघींची गणना होते.

चंद्रमुखी अध्यापनाकडे वळल्या आणि पुढे बेथून महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. कादंबिनींनी वैद्यकीचा हट्ट धरला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८८३ मध्ये त्यांना खुले झाले. कलकत्ता मात्र अडून बसले होते. प्राध्यापकांचा विरोध होता, भद्र समाजाचा तर होताच. अखेर सरकारला हस्तक्षेप करावा लागला आणि १८८३ च्या जूनमध्ये दार उघडले. कादंबिनींना दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्तीही मिळाली.

त्याच महिन्यात, १२ जूनला, त्यांनी लग्न केले. नवरदेव द्वारकानाथ गांगुली हे त्यांचे शिक्षक. वयाने सतरा वर्षांनी मोठे, विधुर, पदरी मुले असलेले. स्त्रियांची बाजू मांडण्यासाठी १८६९ पासून ‘अबलाबांधव’ नावाचे नियतकालिक चालवणारा हा माणूस आसामच्या चहामळ्यांतील मजुरांच्या हालअपेष्टा स्वतः पाहून त्यांना वाचा फोडणारा पत्रकार म्हणूनही प्रसिद्ध होता. सुधारक मानल्या जाणाऱ्या ब्राह्मो मंडळींपैकी अनेकांना हे लग्न रुचले नाही. गोपाळराव जोश्यांशी द्वारकानाथांची तुलना करण्याचा मोह मराठी माणसाला होईल. पण गोपाळरावांनी आनंदीबाईंना घडवले ते बऱ्याच अंशी स्वतःच्या हट्टाने. कादंबिनींनी एकवीस वर्षांच्या पदवीधर म्हणून आपले शिक्षण आणि आपला नवरा दोन्ही स्वतः निवडले. माझ्या मते ही निवड त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची घटना आहे, पदवीपेक्षाही.

महाविद्यालयातील वर्षे सोपी नव्हती. अखेरच्या परीक्षेत एका विषयात त्यांना अगदी थोडक्या गुणांनी अनुत्तीर्ण ठरवण्यात आले. स्त्रियांनी वैद्यकी शिकू नये असे मत असलेल्या एका परीक्षकाचा त्यात हात होता, असे तेव्हाही बोलले गेले आणि आजही लिहिले जाते. विद्यापीठाची पदवी त्यामुळे हुकली. प्राचार्य डॉ. कोट्स यांनी आपला अधिकार वापरून १८८६ मध्ये त्यांना महाविद्यालयाची ‘ग्रॅज्युएट ऑफ बेंगॉल मेडिकल कॉलेज’ ही पदवी दिली. व्यवसायाचा परवाना मिळाला, मात्र त्यावर कायमची एक पुसट रेघ राहिली. ही रेघ पुढे सात वर्षे त्यांच्या आड येत राहिली.

१८८८ मध्ये लेडी डफरिन महिला रुग्णालयात दरमहा तीनशे रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. तीनशे रुपये ही त्या काळी भरघोस रक्कम होती. पगार मिळाला, अधिकार मात्र मिळाला नाही. विलायती पदव्या असलेल्या गोऱ्या डॉक्टरणींकडे कक्षांची सूत्रे राहिली आणि इथल्या महाविद्यालयात शिकलेल्या कादंबिनींना दुय्यम जागा. बाहेर खासगी घरांत परिस्थिती याहून विचित्र होती. एका श्रीमंत घरी अवघड बाळंतपण यशस्वी करून दिल्यावर त्यांना व त्यांच्या मदतनीस बाईला व्हरांड्यात जेवायला बसवले आणि जेवल्यावर जागा स्वच्छ करून जाण्यास सांगितले, अशी आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जात असे. घरच्या लोकांच्या लेखी बाळंतपण करते ती सुईण, मग तिच्या हाती पदवी असो वा नसो. दुसरी एक हकिकत याच्या उलट आहे. एका मुलीच्या पोटात गाठ असल्याचे निदान नावाजलेल्या डॉक्टरांनी केले होते. कादंबिनींनी तपासून ती गर्भवती असल्याचे सांगितले आणि तिला सुखरूप मोकळी केली. पडद्याआडच्या स्त्रीला पुरुष डॉक्टर नीट तपासूच शकत नसे, त्या काळात अशा चुका होणे नवलाचे नव्हते.

मुंबईशी त्यांचा संबंध याच काळात आला. १८८९ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचे पाचवे अधिवेशन मुंबईत भरले, त्यात प्रथमच स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या. पंडिता रमाबाई, स्वर्णकुमारी देवी आणि कादंबिनी गांगुली त्यांत होत्या. काँग्रेसमध्ये स्त्रियांना स्थान मिळावे म्हणून द्वारकानाथांनी आग्रह धरला होता. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्ष फिरोजशहा मेहता यांच्या आभाराचा ठराव कादंबिनींनी मांडला. काँग्रेसच्या व्यासपीठावरून बोललेल्या त्या पहिल्या स्त्री. घरात तेव्हा लहान मुले होती, दवाखाना होता, रात्रीअपरात्री येणारी बोलावणी होती.

या रात्रीअपरात्रीच्या बोलावण्यांवरच घाव पडला. १८९१ मध्ये ‘बंगवासी’ या सनातनी मताच्या साप्ताहिकाने आडवळणाने कादंबिनींना वेश्येची उपमा दिली. घरात मुले टाकून, रात्री घोडागाडीत बसून परक्यांच्या घरी जाणारी, सभांतून भाषणे करणारी बाई दुसरी कोण असणार, असा त्यामागचा तर्क होता. द्वारकानाथांनी संपादक महेशचंद्र पाल यांना गाठून तो मजकुराचा कागद त्यांना गिळायला लावला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, खटला मात्र खरा होता. डॉ. नीलरतन सरकार आणि शिवनाथ शास्त्री यांनी गांगुली दाम्पत्याला साथ दिली. संपादकाला सहा महिन्यांचा कारावास आणि शंभर रुपये दंड झाला. एखाद्या बाईने आपल्या अब्रूसाठी वृत्तपत्राला न्यायालयात खेचावे आणि जिंकावे, ही त्या काळातील असाधारण घटना होती.

रात्रीचा मुद्दा मात्र तिथे संपला नाही. ९ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच कलकत्त्यातील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात, दीर्घ पाळीदरम्यान विश्रांती घेणाऱ्या निवासी महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली. त्यानंतर राज्य सरकारने काढलेल्या सूचनांत महिला डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये, असे कलम होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आक्षेप घेतला. सुरक्षा पुरवणे हे सरकारचे काम आहे, रात्रपाळी नाकारणे हा त्यावरचा उपाय नव्हे, असा त्याचा आशय होता. अपघात आणि अडलेली बाळंतपणे घड्याळ पाहून येत नाहीत. रात्र वगळली की शल्यचिकित्सेतला निम्मा अनुभव वगळला जातो, हे कोणताही सर्जन सांगेल.

खटला जिंकला तरी रुग्णालयातील दुय्यमपण कायम होते. त्यावर एकच उपाय कादंबिनींना दिसला. १८९३ च्या सुरुवातीला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मुलांना मागे ठेवून त्या विलायतेला निघाल्या. एडिंबरा येथील फिजिशियन व सर्जन यांची दोन रॉयल कॉलेजे आणि ग्लासगोची फॅकल्टी यांची संयुक्त परीक्षा त्यांनी त्याच वर्षी जुलैत दिली. त्या वेळी उत्तीर्ण झालेल्या चौदा उमेदवारांत त्या एकट्या स्त्री होत्या. आता त्या रीतसर शल्यचिकित्सकही झाल्या. ज्या कौशल्यावर त्या कलकत्त्यात सात वर्षे काम करत होत्या, त्यावर काही महिन्यांत स्कॉटलंडची मोहोर उठली आणि मायदेशी लगेच त्यांची किंमत वाढली. कौशल्य तेच होते, फक्त कागद बदलला होता.

या काही महिन्यांची दुसरी बाजू घरात घडत होती. मुलांची जबाबदारी घेतली ती विधुमुखीने. द्वारकानाथांच्या पहिल्या पत्नीची ही मुलगी. लेखक-चित्रकार उपेंद्रकिशोर राय चौधुरी यांची पत्नी, सुकुमार राय यांची आई आणि सत्यजित राय यांची आजी. तेरा नंबरच्या त्याच घरात हा परिवार राहत होता. विधुमुखीची स्वतःची मुले लहान होती. सावत्र आईच्या मुलांना तिने आपल्या मुलांबरोबर वाढवले. कादंबिनींच्या यशाच्या कथेत तिचे नाव एखाद्या ओळीत येते. तिच्यावाचून एडिंबरा घडले नसते. सासू, आई, नणंद किंवा पगारी बाई यांच्या खांद्यावर आजही कितीएक डॉक्टरणींची करिअर उभी आहे. तिथे पाळणाघर असते, तर कदाचित तो भार थोडा हलका झाला असता.

परत आल्यावर सर्वांत धाकटा मुलगा आईला ओळखेना. तो जवळ येईना, तेव्हा कादंबिनी रडल्या, अशी आठवण घरच्या मंडळींनी जपली आहे. त्यांच्या आयुष्यात त्या रडल्याचे प्रसंग फार थोडे नोंदले गेले आहेत; हा त्यांपैकी एक.

यानंतरची वर्षे भरभराटीची होती. डफरिन रुग्णालयात वरची जागा मिळाली, पुढे स्वतंत्र व्यवसाय जोरात चालू लागला. नेपाळच्या राजघराण्यातील आजारी राजमातेवर उपचार करण्यासाठी त्यांना बोलावणे आले. त्या बऱ्या झाल्या. परतताना मिळालेल्या भेटींत एक पांढरे तट्टू होते आणि घरातील मुलांच्या लेखी सगळ्या मौल्यवान वस्तूंपेक्षा त्याचेच महत्त्व अधिक होते. कलकत्त्याच्या रस्त्यांवरून एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाकडे जाताना गाडीत त्या लेस विणत बसत. हे विणकाम उत्कृष्ट असे. गाडीतला तो वेळ हीच काय ती त्यांची फुरसत.

२७ जून १८९८ रोजी द्वारकानाथांचे निधन झाले. त्याच दिवशी एका जमीनदाराच्या घरून अडलेल्या बाळंतपणासाठी बोलावणे आले आणि कादंबिनी बॅग घेऊन निघाल्या. घरात जमलेली माणसे अवाक् झाली. जो गेला तो परत येणार नाही, पण जो येऊ घातला आहे त्याला सुखरूप आणायला हवे, अशा अर्थाचे काही त्या बोलल्याचे सांगतात. या प्रसंगाला कर्तव्यकठोरपणाचे उदाहरण म्हणण्याची प्रथा आहे. मला तो वेगळा दिसतो. ज्या माणसाने पंधरा वर्षे पत्नीच्या कामाला आपल्या कामाइतकेच मोल दिले, त्याच्या जाण्याच्या दिवशी घरी बसणे तिला जमले नसावे.

वैधव्यानंतरची पंचवीस वर्षे त्यांनी एकटीने घर चालवले. मुलगी ज्योतिर्मयी शिक्षण आणि स्वातंत्र्यलढ्यात गेली, मुलगा प्रभातचंद्र पत्रकार झाला. बंगालच्या फाळणीनंतर १९०६ मध्ये कलकत्त्यात स्त्रियांची परिषद भरवण्यात कादंबिनींचा पुढाकार होता. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या सत्याग्रहींसाठी १९०८ मध्ये सहानुभूतीची सभा झाली, तिच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. १९२२ मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, कवयित्री कामिनी राय यांच्यासमवेत त्या बिहार-ओरिसाच्या कोळसा खाणींत काम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती पाहायला गेल्या. पोट वाढलेले असताना खाणीत उतरणाऱ्या आणि पाठीवर लेकरू बांधून टोपली उचलणाऱ्या या बायकांच्या रजेचा प्रश्न कोणत्याही चर्चेत नव्हता. तेरा दिवसांच्या रजेबद्दल कौतुक झालेल्या डॉक्टरणीला तो तिथे दिसला असेल, अशी कल्पना करावीशी वाटते.

३ ऑक्टोबर १९२३ रोजी सकाळी त्यांनी एक अवघड शस्त्रक्रिया केली. ती उत्तम झाली. घरी येऊन त्यांनी सुनेला ते आनंदाने सांगितले. आता डॉक्टरीणबाईंचे वय झाले म्हणणाऱ्यांनी आजचा हात पाहायला हवा होता, असा त्यांचा सूर होता. मग त्या अंघोळीला गेल्या. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि डॉक्टर येईपर्यंत सारे संपले होते. त्या बासष्ट वर्षांच्या होत्या.

कॉर्नवॉलिस स्ट्रीटला आज विधान सरणी म्हणतात, डॉ. विधानचंद्र राय यांच्या नावावरून. कादंबिनींच्या बॅगेत त्या दिवशीच्या शस्त्रक्रियेची फी तशीच होती. पन्नास रुपये. अंत्यविधीचा खर्च त्यातूनच झाला, असे सांगतात.